निमंत्रण की प्रवेशपत्र? : स्व-संचालित संवाद-सर्व्हरवरील निमंत्रणाधारित नोंदणीची चिकित्सा

प्रस्तावना

एखादा विभाग, संस्था किंवा अभ्यासगट आपसांतील संवादासाठी बड्या कंपनीच्या सेवेवर न विसंबता स्वतःचा संवाद-सर्व्हर चालवू लागतो, तेव्हा तंत्राचे प्रश्न पुष्कळ येतात. परंतु ते बहुधा सुटतात. सहजासहजी न सुटणारा प्रश्न वेगळाच असतो. आत कोणास घ्यावे, कोणाच्या सांगण्यावरून घ्यावे आणि घेतलेल्याबद्दल उत्तरदायी कोण, हा तो प्रश्न होय. 'निमंत्रणावरून नोंदणी' हे त्याचे रूढ झालेले उत्तर आहे. ज्याच्यापाशी निमंत्रणाचा दुवा अथवा टोकन असेल त्यालाच खाते उघडता येईल, इतरांना नाही, असा त्याचा अर्थ. उत्तर वरकरणी समाधानकारक आहे. तथापि 'निमंत्रण' हा शब्द माणसे ज्या अर्थाने वापरतात आणि सर्व्हरची प्रणाली ज्या अर्थाने वापरते, त्या दोहोंत मोठे अंतर आहे. त्या अंतराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दोन मुक्तस्रोत परंपरांतील उदाहरणे घेतली आहेत : मॅट्रिक्स या संवाद-प्रणालीचा सिनॅप्स हा सर्व्हर, आणि एक्सएमपीपी परंपरेतील प्रोसोडी हा सर्व्हर व त्यावर आधारलेला स्निकेट.

उघड्या दाराचा अनुभव

जॅबर या नावाने १९९९ मध्ये जाहीर झालेली आणि पुढे एक्सएमपीपी या नावाने प्रमाणित झालेली प्रणाली ई-मेलच्या धर्तीवर रचलेली आहे. कोणीही आपला सर्व्हर उभारावा आणि त्याने इतर सर्व्हरांशी बोलावे, ही तिची मूळ कल्पना. नोंदणीच्या बाबतीतही तीच उदारता होती. 'इन-बँड रजिस्ट्रेशन' या विस्तारामुळे संवादाच्या कार्यक्रमातूनच, कोणाचीही परवानगी न घेता, नवे खाते उघडता येत असे. ही सोय माणसांसाठी होती. पण तिचा लाभ यंत्रांनी अधिक घेतला. बेवारस सर्व्हरांवर खाती घाऊक प्रमाणात उघडून तेथून जाहिराती व फसवे संदेश इतरत्र पाठविणे सुरू झाले. अखेरीस सर्व्हर-चालकांनी एक जाहीरनामा काढून, ज्या सर्व्हरांवर अशी अनिर्बंध नोंदणी चालते त्यांनी ती आवरावी, अन्यथा त्यांच्याशी संपर्क तोडला जाईल, अशी भूमिका घेतली. २०१४ मध्ये पुढे आलेल्या मॅट्रिक्सलाही याच वाटेने जावे लागले. २०२२ पासून सिनॅप्स सर्व्हर, ई-मेल, कॅप्चा अथवा टोकन यांपैकी कोणतीही पडताळणी न ठेवता नोंदणी खुली केली असल्यास, सुरूच होण्यास नकार देतो. प्रशासकाने 'मला धोका ठाऊक आहे' अशा आशयाची वेगळी कळ मुद्दाम चालू केली, तरच त्याला तसे करता येते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. निमंत्रणाची पद्धत या सर्व्हरांत स्नेहभावातून आलेली नाही. ती उपद्रवाच्या अनुभवातून, म्हणजे संरक्षणाच्या गरजेतून आली. तिच्या रचनेवर त्या जन्माची खूण उमटलेली दिसते.

निमंत्रण ही कल्पना संगणकाच्या जगात अर्थातच याहून जुनी आहे. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेली जीमेल सेवा आरंभी केवळ निमंत्रितांसाठी होती. ती सर्वांना खुली झाली २००७ मध्ये. भारतात अफाट लोकप्रिय झालेले आणि २०१४ मध्ये बंद पडलेले ऑर्कुटही २००४ मध्ये निमंत्रणावरच सुरू झाले. त्या काळी महाविद्यालयात असलेल्या पिढीला 'एखादे इन्व्हिटेशन आहे का?' ही विचारणा आठवत असेल. परंतु जीमेलची निमंत्रणे त्याच वर्षी ईबे या लिलावस्थळावर विकली जाऊ लागली, हे अधिक सूचक आहे. लग्नपत्रिका कोणी विकत नाही, कारण तिच्यावर बोलावणाऱ्याचे नाव असते आणि बोलावलेल्याचेही. जे निमंत्रण विकता येते त्यातून ही दोन्ही नावे गळालेली असतात. उरते ते प्रवेशपत्र.

सिनॅप्समधील टोकन

मॅट्रिक्समध्ये टोकनाधारित नोंदणीची सोय २०२१ मध्ये सिनॅप्सच्या १.४२ या आवृत्तीत आली आणि २०२२ च्या आरंभी ती मॅट्रिक्सच्या प्रमाण-संहितेत समाविष्ट झाली. तत्पूर्वी प्रशासकापुढे दोनच मार्ग होते. एकतर बाहेरची एखादी पूरक प्रणाली जोडावी, अन्यथा प्रत्येक खाते सर्व्हरवरील आज्ञेने स्वतः उघडून द्यावे. या दुसऱ्या मार्गात येणाऱ्याचा पहिला पासवर्ड प्रशासकच ठरवितो आणि अर्थातच त्याला तो ठाऊक असतो. सांगितले तरी तो बदलण्याचा कंटाळा करणारी माणसे सर्वत्र असतात. टोकनामुळे ही अडचण दूर झाली. येणारा आपले नाव व पासवर्ड स्वतः निवडतो; प्रशासक केवळ दार उघडतो. या सुधारणेचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु टोकनाची नोंद तपासली असता तिच्यात काय आढळते? टोकनाची अक्षरे, ते किती वेळा वापरता येईल, कितींची नोंदणी अर्धवट आहे, कितींची पूर्ण झाली आणि मुदत केव्हा संपते, एवढी पाच कलमे. ते कोणासाठी काढले, कोणाच्या शिफारशीवरून काढले, कोणत्या कारणाने काढले, यासाठी एकही रकाना नाही. टोकन काढण्याचा अधिकार सर्व्हरच्या प्रशासकालाच आहे; सामान्य सदस्याला ते काढता येत नाही. संस्थांमध्ये याचा परिणाम कसा होतो, हे सहज ताडता येते. विभागप्रमुख तोंडी सांगतात, 'त्या नव्या सरांना घ्या.' संगणक-प्रयोगशाळेतील तंत्रसाहाय्यक टोकन काढून देतो. निर्णय एकाचा आणि कृती दुसऱ्याची. आणि नोंदीत दोघांचाही मागमूस नाही. उद्या काही वावगे घडले तर बोट दाखविले जाईल ते तंत्रसाहाय्यकाकडे, कारण प्रणालीच्या दृष्टीने दार उघडणारा हात त्याचाच होता.

याहून गंभीर बाब मूळ मांडणीची आहे. टोकन काढताना प्रशासकाने वापराची मर्यादा व मुदत यांचा उल्लेख केला नाही, तर ते टोकन कितीही जणांना आणि कायमचे चालते. म्हणजे निष्काळजीपणाने काढलेले टोकन हे सर्वाधिक सैल टोकन ठरते. वस्तुतः क्रम उलटा असावयास हवा होता. मुदत वाढविण्यासाठी प्रयास पडावेत, मुदत घालण्यासाठी नव्हे. त्यातही मुदत लिहावयाची ती तारखेच्या स्वरूपात नव्हे, तर १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या मिलिसेकंदांच्या संख्येत. संगणक-व्यवसायातील मंडळींना यात काही नवल वाटणार नाही. पण ज्या प्रशासकाचा मूळ विषय रसायनशास्त्र किंवा वाणिज्य आहे, तो तेरा अंकी संख्या लिहिण्यापेक्षा मुदतीचा रकाना मोकळा सोडणेच पसंत करील. प्रमाण-संहितेत सुरक्षा आणि प्रत्यक्षात गैरसोय, अशी फारकत जेथे होते तेथे गैरसोयच जिंकते.

टोकनाची अक्षरे प्रशासकाला स्वतःही ठरविता येतात. प्रणालीवर सोपविल्यास ती सोळा यादृच्छिक अक्षरे देते आणि ती अंदाजाने ओळखणे व्यवहारतः अशक्य असते. मात्र 'लक्षात राहावे' म्हणून संस्थेचे नाव व चालू वर्ष जोडून टोकन करण्याचा मोह अनेकांना होतो. टोकन ग्राह्य आहे की नाही हे खाते उघडण्यापूर्वी विचारता येते, अशी सोय संहितेतच आहे. वारंवार विचारण्यावर तेथे बंधन घातलेले असते; परंतु पाच-सात प्रयत्नांत ओळखता येणाऱ्या शब्दाला ते बंधन काय राखणार?

एका बाबतीत मात्र सिनॅप्सच्या रचनाकारांनी बारकाईने विचार केलेला दिसतो. एकदाच वापरता येणारे टोकन दोघांनी एकाच क्षणी वापरले तर काय करावे? यावर उपाय म्हणून नोंदणी सुरू होताच ती 'अर्धवट' या खात्यात मोजली जाते आणि अर्धवट व पूर्ण यांची बेरीज मर्यादेशी ताडून पाहिली जाते. बसमधील जागेवर रुमाल टाकून ठेवण्याचाच हा प्रकार. एखाद्याने मध्येच नोंदणी सोडली तर त्याचा रुमाल काही काळ तसाच राहतो आणि पुढच्याला 'टोकन अवैध' असा निरोप मिळतो. नवागताला वाटते, आपल्याला नाकारले. वास्तविक बऱ्याचदा त्यानेच आदल्या सायंकाळी भ्रमणध्वनीवर अर्धवट सोडलेली ती नोंदणी असते. एवढे समजावून सांगणारा कोणी प्रशासक शेजारी असेल तर ठीक.

प्रोसोडी व स्निकेट : बोलावणाऱ्यासह बोलावणे

एक्सएमपीपी परंपरेत याच प्रश्नाचा विचार निराळ्या टोकाकडून झालेला आहे. प्रोसोडीच्या २०२२ मधील ०.१२ या आवृत्तीपासून निमंत्रणाची यंत्रणा तिच्या गाभ्याचाच भाग झाली. येथे निमंत्रण दुव्याच्या रूपात असते, सामान्यतः एकदाच वापरता येते आणि वेगळे काही न सांगितल्यास सात दिवसांनी बाद होते. म्हणजे येथे निष्काळजीपणाचे फळ कडक निमंत्रण हे आहे, सैल नव्हे. सदस्यांनाही निमंत्रण देऊ द्यावे की नाही, हे प्रशासक ठरवितो. परंतु मुख्य भेद याही पलीकडचा आहे. सदस्याने दिलेल्या दुव्यावरून कोणी खाते उघडले, तर निमंत्रण देणारा आणि घेणारा हे दोघे एकमेकांच्या संपर्कसूचीत आपोआप येतात. नवागत रिकाम्या घरात पाऊल टाकत नाही. त्याला बोलावणारा उंबरठ्यावर उभा असतो. प्रोसोडीच्या संस्थापकानेच २०२० मध्ये पुढे आणलेल्या स्निकेटमध्ये ही कल्पना अधिक विकसित झालेली आढळते. निमंत्रणाच्या पानावरच ॲप कोठून घ्यावे हे दाखविले जाते. 'सर्कल' नावाच्या मंडळात बोलावलेल्या व्यक्तीला त्या मंडळातील सर्व सदस्य आपोआप भेटतात. अनेकांना एकच दुवा द्यावयाचा असल्यास तसे गट-निमंत्रणही काढता येते. आपल्या पत्रिकांवरील 'सहकुटुंब सहपरिवार' या शब्दांशी त्याचे नाते आहे, आणि त्यातील धोकाही तोच : यजमानाने किती पाने मांडावीत, हे अखेरपर्यंत कळत नाही.

या दोन रचनांची तुलना करताना पगारदार सेवकांच्या सहकारी पतसंस्थेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तेथे कर्ज घेणाऱ्याला जामीनदार लागतो. जामीनदाराची सही ही केवळ औपचारिकता आहे असे सही करताना सर्वांना वाटते. हप्ते थकले म्हणजे तसे वाटेनासे होते. सिनॅप्सचे टोकन हे जामीनदाराविना दिलेले कर्ज होय. प्रोसोडीच्या निमंत्रणात निदान ओळख करून देणारा दिसतो, जरी तो परतफेडीला बांधलेला नसला तरी. पाच-पन्नास माणसांच्या, परस्परांना ओळखणाऱ्या गटासाठी दुसरी रचना निःसंशय अधिक योग्य आहे. सिनॅप्स वापरणाऱ्यांनी हा गुण बाहेरून आणावा : प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे, एकदाच चालणारे, अल्पमुदतीचे टोकन काढावे आणि कोणी कोणासाठी मागितले हे साध्या वहीत लिहून ठेवावे.

वहीचा प्रश्न

मात्र ही वही म्हटली तर जोखमीची वस्तू आहे. कोणी कोणास आत आणले याची संपूर्ण नोंद म्हणजे त्या गटाची वंशावळच. गट सहकाऱ्यांचा असेल तोवर तिच्यात लपविण्यासारखे काही नसते. पण तोच गट तक्रारदार स्त्रियांचा, संघटनेच्या कार्यकर्त्यांचा किंवा आजाराबद्दल बोलणाऱ्या रुग्णांचा असेल, तर ती वही चुकीच्या हाती पडताच एका नावावरून सर्व नावांपर्यंत पोहोचता येते. संदेश कितीही सांकेतिक केले तरी ही नोंद उघडीच राहते. प्रोसोडीच्या रचनाकारांनी याचे भान ठेवले आहे असे म्हणता येते, कारण खाते कोणाच्या निमंत्रणावरून उघडले याची नोंद ठेवणे हे तेथे स्वतंत्र पूरक मॉड्यूलचे काम आहे. ते हवे असेल त्याने मुद्दाम जोडावे. या दृष्टीने पाहता सिनॅप्सच्या टोकनाचे विस्मरणही सर्वस्वी दोषास्पद ठरत नाही. ज्याला काही आठवत नाही, त्याच्याकडून काही वदवूनही घेता येत नाही.

मग निवड कशी करावी? उत्तरदायित्वासाठी नोंद हवी आणि सुरक्षिततेसाठी ती नको, हा पेच खरा आहे. परंतु तो काळाच्या आधारे बराचसा सैल करता येतो. नवागताबद्दल शंका घेण्याचा काळ मर्यादित असतो. सहा महिने, फार तर एक शैक्षणिक वर्ष तो गटात नीट वावरला, म्हणजे तो स्वतःच्या वर्तनावर उभा राहतो. त्याला कोणी आणले हे पुढे जपून ठेवण्यास सबळ कारण उरत नाही. तेव्हा वही ठेवावी, आणि ती ठरल्या वेळी नष्टही करावी. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये झालेल्या कायद्याची दिशाही, हेतू संपला की माहिती ठेवू नये, अशीच आहे. कार्यालयीन सवय मात्र नेमकी याच्या उलट असते; आपल्याकडे आवक-जावक नोंदवही कधी मरत नाही.

निमंत्रणाला पर्याय म्हणून संस्थेच्या ई-मेल पत्त्यावरून प्रवेश द्यावा, असे पुष्कळदा सुचविले जाते. फ्रान्सच्या शासनाने एप्रिल २०१९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवर आधारित 'चॅप' ही सेवा सुरू केली, तेव्हा हाच निकष ठेवला होता : शासकीय पत्ता असेल त्यालाच खाते. सेवा सुरू होताच एका फ्रेंच सुरक्षा-संशोधकाने आपल्या खासगी पत्त्याच्या पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्ता जोडून एक विचित्र पत्ता तयार केला. तपासणाऱ्या भागाला शेवटचा शासकीय तुकडा दिसला, पडताळणीचे पत्र मात्र संशोधकाच्या खासगी पेटीत गेले आणि त्याला आत प्रवेश मिळाला. त्याने ही त्रुटी लगेच कळविली व ती दुरुस्तही झाली, त्यामुळे प्रसंग निभावला. पत्ता तपासणारे यंत्र 'तू कोणत्या कार्यालयाचा?' एवढेच विचारते. 'तुला येथे कोण ओळखते?' हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. त्या कार्यालयातील एका माणसाने जरी या नवागताकडे पाहिले असते, तरी तो आमच्यातला नव्हे हे त्याने तत्काळ सांगितले असते. मोठ्या संस्थेत असे पाहणे शक्य नसते, हे मान्य. म्हणूनच छोट्या सर्व्हरने मोठ्यांचे निकष उसने घेऊ नयेत.

दाराखेरीज इतर वाटा

निमंत्रणाधारित नोंदणीविषयी सर्वाधिक गैरसमज आहे तो तिच्या व्याप्तीबद्दल. मॅट्रिक्स काय किंवा एक्सएमपीपी काय, या संघीय प्रणाली आहेत. एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरील सदस्याशी बोलू शकतो. त्यामुळे नोंदणीवर कितीही कडक बंधन घातले तरी ते केवळ आपल्या सर्व्हरवरील खात्यांपुरते असते. आपल्याच एखाद्या सदस्याने दालनात परक्या सर्व्हरवरील व्यक्तीला बोलाविले, तर ती व्यक्ती कोणत्याही टोकनाविना आत येते. अंगणाची फाटके मोकळी असताना माजघराच्या कडीकडे पाहून निश्चिंत राहावे, तसे हे होते. हवे असल्यास इतर सर्व्हरांशी असलेला संपर्क मर्यादित करता येतो, दालनांचे नियम वेगळे घालता येतात. परंतु ती वेगळी कामे आहेत आणि नोंदणीच्या टोकनाने ती होत नाहीत.

दुसरी वाट बाहेर जाण्याची. निमंत्रण आत येण्याचा क्षण तेवढा सांभाळते. टोकन रद्द केले तरी त्या टोकनाने आलेली खाती चालूच राहतात, आणि ते योग्यच आहे. पत्रिका फाडल्याने पाहुणा पंगतीतून उठत नाही. पण म्हणूनच तासिका तत्त्वावरील अध्यापकाची नेमणूक मार्चअखेर संपली, एखादे सहकारी निवृत्त झाले, संशोधक विद्यार्थी पदवी घेऊन गेला, तेव्हा त्याच्या खात्याचे काय, हा प्रश्न कोणाच्याही यादीत नसतो. सिनॅप्सवर खाते निष्क्रिय केले की ते नाव नव्या व्यक्तीला देता येत नाही, आणि वापरकर्त्याचे नाव मागाहून बदलताही येत नाही. पदाच्या नावाने, उदाहरणार्थ 'ग्रंथपाल' या नावाने खाते उघडून दिले असेल, तर पहिल्या ग्रंथपालांचे खाते निष्क्रिय केल्यानंतर दुसऱ्यांना त्या नावाने नवी नोंदणी करता येत नाही. आणि खाते निष्क्रिय न करता केवळ पासवर्ड हाती दिला, तर आधीच्यांचा खासगी पत्रव्यवहार नव्यांच्या पुढ्यात येण्याचा संभव राहतो. टोकन देतेवेळी येणाऱ्याला आपले नाव निवडण्याचे स्वातंत्र्य असते, त्यामुळे पदाचे नव्हे, तर स्वतःचे नाव घ्यावे, ही सूचना त्या निमंत्रणासोबतच गेली पाहिजे. ती देण्यासाठी टोकनात जागा नाही. ती बोलावणाऱ्यानेच, दूरध्वनीवर किंवा स्टाफरूममध्ये समोरासमोर, सांगावयाची असते.